एका बुशाची बखर

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या जुन्या जीपने एक नवीनच खोड काढली. गाडी उभी, क्लच पार तळापर्यंत दाबलेला, आणि पहिला गिअर टाकायला जावं तर कर्रर्र! तशी या गाडीची कुरकुर जन्मजातच आहे. जुन्या जीपच्या तीन गिअरच्या बॉक्समध्ये पहिल्या गिअरला सिंक्रो नसतो, त्यामुळे गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकायचा नाही हे आम्ही लहानपणापासून शिकलो. पण हे वेगळं होतं. गिअर कसाबसा पडलाच, तर क्लच दाबलेला असेपर्यंत पायाखालून एक बारीक किंकाळी येत राहायची. क्लच सोडला की गप्प.

प्रत्येकाचं निदान ठरलेलं असतं. शेजारी म्हणाले क्लच प्लेट गेली. मेव्हण्याने फोनवरूनच सांगितलं, "रिलीज बेअरिंग आहे, पैज लावा." मुदखेडचे आमचे मिस्त्री चाचा मात्र बोलले नाहीत. त्यांनी मला गाडीत बसवलं आणि स्वतः बाहेर उकिडवे बसून कान लावला. न्यूट्रलमध्ये क्लच सोडायला लावला, आवाज नाही. क्लच नुसता टेकवायला लावला, आवाज नाही. पूर्ण दाबून गिअर टाकला, तेव्हा किंकाळी. ते उठले, हात पुसले आणि म्हणाले, "प्लेट नई साब, पायलट गया."

हा पायलट म्हणजे काय, हे मलाही तोवर नीट माहीत नव्हतं. गाडी वर्षानुवर्षं चालवणाऱ्या कित्येकांना माहीत नसतं, त्यामुळे लाज वाटून घेण्याचं कारण नाही. इंजिनाचा क्रँक आणि गिअर बॉक्सचा शाफ्ट एकाच रेषेत समोरासमोर उभे असतात, मध्ये क्लच. शाफ्टचं मागचं टोक गिअर बॉक्सच्या बेअरिंगमध्ये घट्ट धरलेलं असतं, पण पुढचं टोक, ज्याला मिस्त्री लोक नाक म्हणतात, ते अधांतरी राहून चालत नाही. म्हणून क्रँकच्या टोकाशी मधोमध एक भोक ठेवतात, त्यात एक छोटं बेअरिंग किंवा पितळेसारखा दिसणारा बुश बसवतात, आणि शाफ्टचं नाक त्यात टेकतं. झालं, हाच पायलट. आकार म्हणाल तर जाडसर अंगठीएवढा.

गंमत अशी की गाडी चालू असताना याला काहीच काम नसतं. क्लच सोडलेला असला की क्रँक आणि शाफ्ट एकाच वेगाने फिरतात, बुश दोघांच्या मधे नुसता बसून प्रवास करतो. क्लच दाबला की मात्र क्रँक फिरतोय आणि शाफ्ट थांबायला बघतोय, आणि त्या दोघांना एकमेकांपासून मोकळं ठेवायचं काम या अंगठीवर येतं. नोकरीचे तास अगदी थोडे. पण त्या थोड्या तासांत तो अडकला, तर क्रँक शाफ्टला सोबत ओढत नेतो आणि गिअर दातओठ खातात. मुदखेडसारख्या रेल्वेच्या गावात, फाटकापाशी गिअर टाकून, क्लच दाबून दहा-दहा मिनिटं उभं राहणारे ड्रायव्हर या बुशाचे खरे शत्रू. त्यात मीही आलोच.

इंग्रजीत पायलट म्हणजे वाट दाखवणारा. आपल्याकडे मंत्र्यांच्या ताफ्यात पुढे धावणाऱ्या गाडीलाही पायलटच म्हणतात. गिअर बॉक्स चढवताना शाफ्टचं नाक बरोबर मध्यावर नेणारा तो वाटाड्या, एवढाच त्या नावाचा अर्थ.

असो. गिअर बॉक्स उतरवायचा म्हणजे जीपचा अर्धा संसार बाहेर काढायचा. सीट, मधलं पत्र्याचं झाकण, दोन्ही जॉइंट शाफ्ट, हँडब्रेकची तार, आणि मग फोर व्हीलच्या ट्रान्सफर केससकट ते धूड. चाचा आणि त्यांचा पोरगा असे दोघं, शिवाय मी (माझी गणना मनुष्यबळात करू नये). दुपारपर्यंत क्लच प्लेट हातात आली. ती चांगली निघाली. मेव्हण्याचं रिलीज बेअरिंगही ठणठणीत होतं. भोकात बॅटरी मारून पाहिलं तर बुश एका बाजूने खाल्लेला, अंड्यासारखा झालेला.

हा बुश बाहेर काढायचा कसा, हा या कामातला खरा प्रश्न. मागून ढकलायला जागा नाही, पुढून पकडायला कड नाही. छिन्नीने फोडायला जावं तर भोकाला चरा पडतो, आणि मग नवा बुश कधीच सरळ बसत नाही. चाचांनी आधी भोकात ग्रीस भरून त्यात शाफ्टएवढा जाड रॉड घातला आणि हातोडी मारली. बुश इतका झिजलेला की ग्रीस रॉडच्या कडेने पिचकारीसारखं चाचांच्या पोराच्या शर्टावर. मग चाचांनी फर्मान सोडलं, "घर से आटा लाव." मी घरी गेलो, तर बायकोने आधी ज्वारीचं पीठ काढून दिलं. चाचा हसले. ज्वारीला चिकटपणा नाही, ती भुगा होऊन निसटते, इथे गव्हाचीच घट्ट कणीक लागते. कणीक भोकात ठासून भरली, रॉड घातला, हातोडी मारली, पुन्हा भरली, पुन्हा मारली. सातव्या-आठव्या ठोक्याला बुश आपल्या पायाने चालत यावा तसा बाहेर आला.

कोंडलेल्या द्रवावर एका जागी दाब दिला की तो सगळीकडे सारखा पसरतो, हे फ्रान्सच्या ब्लेझ पास्कलने लिहून ठेवलं, आणि ते त्याच्या मृत्यूनंतर १६६३ मध्ये छापून आलं. चाचांनी पास्कल वाचलेला नाही. पण कणकेचा दाब बुशाच्या पाठीमागे जाऊन त्याला पुढे ढकलतो, हे त्यांनी मला बोटांनी दाखवून समजावलं, आणि ते माझ्या शाळेतल्या धड्यापेक्षा जास्त समजलं.

आता मूळ मुद्दा. बाहेर आली ती एक अंगठी नव्हती, दोन होत्या. आत झिजलेला गनमेटलचा बुश, आणि त्याच्या बाहेरून साध्या लोखंडाची एक बांगडी, कडेला पंच मारून पक्की केलेली. कंपनी असं काही बसवत नाही. ते घेऊन मी नांदेडला एका लेथवाल्यांकडे गेलो. वय झालेलं, चष्म्याच्या काड्यांना दोरी बांधलेली. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही म्हणालो. मी दुकानात बुशाचे डबे उचकू लागलो तर म्हणाले, "काय शोधू लालाव? तयार मिळणार नाही हे." व्हर्निअर लावून त्यांनी दोन्ही अंगठ्या मोजल्या आणि एखाद्याने कुंडली वाचावी तसं सांगितलं. आतलं माप जीपच्या शाफ्टचं. बाहेरचं माप जीपचं नाही, ट्रॅक्टरचं. आणि मधली बांगडी या दोघांचं लग्न लावायला कोणीतरी हाताने टर्न केलेली.

तिथून पुढे माझ्या डोक्यात हा बुश काही जाईना. कारण या जीपचा इतिहास आमच्याकडे तोंडीच आहे. वडिलांनी ती १९९१ साली घेतली ती एका काळी-पिवळीवाल्याकडून. त्याने ती कुठल्याशा सरकारी लिलावात उचललेली. कागदांवर म्हणाल तर इंधनाच्या रकान्यात पेट्रोल खोडून डिझेल, त्यावर एक पुसट शिक्का. बस्स. त्या खोडलेल्या शब्दामागे काय काय घडलं, ते या दोन अंगठ्यांत होतं.

बघा, ही उंच बॉनेटची जीप मूळची अमेरिकेची. दुसऱ्या महायुद्धात विलीस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांच्या वर जीप बनवल्या. युद्ध संपल्यावर विलीसने तीच गाडी शेतकऱ्याला विकायला काढली. आपल्याकडे १९४५ मध्ये पोलादाच्या व्यापारासाठी निघालेली महिंद्र अँड महंमद ही कंपनी होती. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानात गेले (तिथे ते पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले), आणि १९४८ मध्ये पाटी बदलून महिंद्र अँड महिंद्र झाली. मुंबईत माझगावला विलीसचे सुटे भाग जोडून जीप तयार होऊ लागल्या, आणि पन्नाशीच्या दशकात उंच बॉनेटचं सीजे-३बी मॉडेल परवान्यावर इथेच बनायला लागलं. बॉनेट उंच का, तर हरिकेन नावाचं नवीन पेट्रोल इंजिन आधीच्यापेक्षा उंच होतं, म्हणून झाकण वर उचललं. इतकं साधं कारण. अमेरिकेत ते मॉडेल १९६८ मध्ये बंद झालं, आपल्याकडे त्या चेहऱ्याच्या गाड्या त्यानंतर कित्येक दशकं निघत राहिल्या.

आमच्या मराठवाड्यात जीप म्हणजे सरकार. रेल्वे निझामाच्या काळातली, मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी, आणि मुदखेडला तिच्यातून भोकर-किनवटमार्गे आदिलाबादचा फाटा फुटतो. निझामाच्या रेल्वेने १९३२ मध्ये २७ बस घेऊन रस्त्यावरची वाहतूकही सुरू केली. पण रूळ आणि पक्का रस्ता सोडला की पुढे काळी माती, आणि काळ्या मातीत पाऊस पडला की बैलगाडीसुद्धा हात जोडते. तिथे पोचायची ती जीप. २ ऑक्टोबर १९५२ ला देशात सामूहिक विकास योजना सुरू झाली, १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या, आणि गटविकास अधिकारी हा शब्द जीपशिवाय उच्चारता येईना. हिवतापाची फवारणी, कुटुंब नियोजन, ७२ च्या दुष्काळातली खडी फोडण्याची कामं, सगळीकडे धुरळ्याच्या पुढे एक उंच बॉनेट. माझ्या आजीला जीपचा आवाज आला की आधी भीती वाटायची, मग उत्सुकता. वसुलीवाले की डॉक्टर, हे गाडी जवळ येईपर्यंत कळायचं नाही.

या सगळ्या जीप पेट्रोल पीत, आणि भरपूर पीत. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटलं, आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव पिंपामागे तीन डॉलरवरून बाराच्या आसपास गेला. सरकारला ते परवडलं की नाही देव जाणे, पण लिलावात जुनी जीप घेऊन भोकर-किनवट रस्त्यावर माणसं वाहणाऱ्याला पेट्रोल परवडणं शक्यच नव्हतं. कंपनीनेही हे ओळखलं. १९६३ मध्ये महिंद्र, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून ट्रॅक्टरची कंपनी काढली होती. तिच्या बी-२७५ ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन सत्तरीच्या मध्यात जीपला आलं. पुढे १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्यूजोशी करार झाला आणि इगतपुरीच्या कारखान्यात त्यांची डिझेल इंजिनं बनू लागली.

हा झाला छापील इतिहास. कंपनीच्या टाइमलाइनमध्ये तो सापडतो. पण रस्त्यावर जे चाललं होतं ते वेगळंच. नवी डिझेल जीप घ्यायची कोणाची ऐपत? लोकांनी जुन्या पेट्रोल जीपचं इंजिन काढून फेकलं आणि मिळेल ते डिझेल इंजिन बसवलं. कुणी मॅटाडोरचं, कुणी उलटलेल्या ट्रॅक्टरचं. गिअर बॉक्स मात्र जीपचाच ठेवला, कारण फोर व्हीलची सगळी करामत त्याच्या शेपटीला जोडलेली. म्हणजे अमेरिकन घराण्याचा गिअर बॉक्स आणि ब्रिटिश वळणाचं ट्रॅक्टरचं इंजिन! दोघांच्या बोल्टांची भोकं जुळत नाहीत, तर मध्ये जाड पत्रा कापून बसवला. आणि शेवटी उरतो तो बारीक प्रश्न: ट्रॅक्टरच्या शाफ्टचं नाक जाड म्हणून क्रँकचं भोक मोठं, जीपचं नाक बारीक. मधली जागा भरायला नांदेड-लातूरकडच्या कुणा लेथवाल्याने एक बांगडी टर्न केली, पंच मारून ठोकली, पैसे घेतले आणि विसरून गेला.

त्याचं नाव कुठेही नाही. मामांना विचारलं, ओळखता का हात? ते म्हणाले, "हात कशाचा ओ, बांगडीला काय सही असते का?" पण मग व्हर्निअर परत लावून एक गोष्ट दाखवली. ट्रॅक्टरचं माप इंचात, जीपचं इंचात, पण बांगडीची रुंदी नेमकी मिलिमीटरमध्ये, एक कण इकडे-तिकडे नाही. म्हणजे टर्न करणारा मेट्रिकवर शिकलेला. देशात मेट्रिक मापं १९५६ च्या कायद्याने आली, साठीत रुळली. त्यानंतर आयटीआयमधून निघालेला कुणी पोरगा असावा, असा आमचा दोघांचा अंदाज. इतिहासकार याला पुरावा म्हणतील की नाही मला माहीत नाही. मला पटला.

मी आधी तयार मालाच्या मागे लागलो होतो. सिकंदराबादच्या राणीगंजमध्ये गाड्यांचे सुटे भाग मिळतात, आणि मुदखेडहून गाडीत बसलं की थेट तिकडे. जाऊन जीपचा तयार बुश आणला. तो सच्छिद्र ब्राँझचा असतो: तांब्याची आणि कथिलाची भुकटी दाबून, भाजून बनवलेला, आणि त्याच्या छिद्रांत जवळजवळ पाचवा हिस्सा तेल मुरवलेलं. क्रायस्लर कंपनीने १९३० च्या आसपास ही युक्ती बाजारात आणली. गरम झाला की तेल सुटतं, गार झाला की परत शोषलं जातं. फार हुशार वस्तू. पण आमच्या शाफ्टचं नाकच इतक्या वर्षांत झिजलेलं, त्यावर तो डुगडुगायला लागला. झिजलेल्या माणसाला नव्या मापाचा सदरा घालण्यातली गत. (या बुशाला ग्रीस फासू नये, छिद्रं बुजतात, बसवण्याआधी तेलात बुडवून ठेवावा. माझ्यासारख्या कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितो.)

शेवटी मामांनीच गनमेटलचा तुकडा घेऊन बुश टर्न केला, आतून आमच्या झिजलेल्या नाकाच्या मापाचा, केसभर सैल. ठोकल्यावर भोक किंचित आवळतं, तेवढी जागा आधीच सोडायची. आत तेलासाठी नागमोडी खाच. लोखंडी बांगडी त्यांनी बदलली नाही. "ती चांगली आहे, तिला कशाला हात लावायचा?" जाता जाता त्यांनी बाभळीच्या लाकडाचा एक दांडाही टर्न करून दिला, शाफ्टच्या आकाराचा. त्याचं काम पुढे येतं.

बसवायच्या दिवशी चाचांनी नवा बुश तासभर बर्फात ठेवला. गार झाला की धातू आकसतो, मग जास्त ठोकावं लागत नाही. आधी बांगडी, मग बुश, एका पायरी पाडलेल्या रॉडवर हलके ठोके देत. लगेच शाफ्ट काढून नाक हाताने घालून, फिरवून पाहिलं. हे पाहिल्याशिवाय पुढे जायचं नाही, कारण पुढे गेल्यावर कळलं तर पुन्हा सगळा संसार बाहेर. मग क्लच प्लेट लावली, तिच्या मधून बाभळीचा दांडा थेट बुशात घातला आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर थोडे थोडे आवळले. दांडा काढला तेव्हा प्लेट बरोबर मध्यावर. गिअर बॉक्स चढवताना तो प्लेटवर लोंबकळू द्यायचा नाही, प्लेट वाकते. पोरगा खालून, चाचा मागून, मी देवाचं नाव घेत. एकदा अडला. चाचांनी मला जॉइंट शाफ्टची बाजू हाताने किंचित फिरवायला सांगितली, आणि 'टक्' करून बॉक्स इंजिनाला जाऊन भिडला. त्या आवाजाचं समाधान मी सांगू शकत नाही.

मजुरीचा हिशेब करताना मामांचं एक वाक्य चाचांना सांगितलं. मामा म्हणाले होते की आता अशी कामं येत नाहीत. का येत नाहीत ते उघड आहे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी गाड्यांची नोंदणीच रद्द होते आणि त्या थेट भंगारात जातात. म्हणजे सरकारी आवारातून लिलाव, लिलावातून काळी-पिवळी, तिथून कुणाच्या तरी शेतात, ही जी साखळी पन्नास-साठ वर्षं चालली ती तुटली. खाजगी जुन्या गाडीच्या फेरनोंदणीची फी २०२२ मध्येच ६०० वरून ५,००० झाली होती. आमची जीप धूर सोडते, हे मी नाकारत नाही. किनवटच्या घाटात मागच्या गाडीवाल्याच्या शिव्या मी ऐकल्या आहेत. नियम चुकीचा आहे असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण किल्लारीच्या भूकंपानंतर, ३० सप्टेंबर १९९३ नंतरच्या त्या पावसा-चिखलात जी मदत पोचली, तिच्यात अशाच खटारा जीपही होत्या, हेही मला विसरता येत नाही. आणि त्यांतल्या कित्येकींच्या पोटात अशी एखादी बिननावाची बांगडी असणार. भंगाराच्या यंत्रात जीप गेली की ती बांगडी कुणाला दिसणार?

चाचांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पुराना बुश फेंकू क्या?" मी म्हणालो, नको. झिजलेला आतला बुश आता माझ्या टेबलावर पेन्सिलींच्या डब्यात आहे. बांगडी अर्थातच परत कामावर रुजू झाली.

दुसऱ्या दिवशी भोकरपर्यंत जाऊन आलो. फाटकात मालगाडीसाठी थांबावं लागलं, तेव्हा आठवणीने गाडी न्यूट्रलला टाकून क्लचवरचा पाय काढला. मालगाडी गेली, पहिला गिअर टाकला, आवाज नाही. ट्रान्सफर केसमधून मात्र आता तेल गळायला लागलंय.